तिसरं नाव

वनिता ओव्हाळ बुद्ध-बाबासाहेबांशिवाय कुणापुढं हात जोडत नाही. तरी बीडच्या नगरपालिकेसमोरून रिक्षा निघाली की तिचे हात आपोआप जुळतात. रिक्षावाल्याला वाटतं, बाईला कुठंतरी देऊळ दिसलं. दहावीत शिकणाऱ्या दिपालीला आईच्या या सवयीची लाज वाटते. वनिता म्हणते, "वाटू दे. त्या हापिसानं मला काय दिलं ते मला ठावं."

काय दिलं ते कळायला आधी तिच्या खोल्यांची कथा ऐकावी लागेल. नवरा काविळीनं गेला तेव्हा दिपाली पाच वर्षांची होती. सिरसाळ्यात मजुरीवर भागेना, म्हणून वनिता बीडला आली आणि क्लासच्या पोरांच्या खानावळीत पोळ्या लाटू लागली. दहा वर्षांत तिनं नऊ खोल्या बदलल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान कुणी आडनाव विचारत नाही. हिचं आडनाव ऐकलं की रिकाम्या खोल्या उभ्या उभ्या भरून जायच्या. ज्या उरायच्या, त्यांच्या मालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. माणसं किती? नळाला पाणी येणार आठ-दहा दिवसांनी. भाडेकरूकडं एक माणूस वाढलं की मालकाचा हौद उतरतो. वनितानं उत्तर पाठ करून टाकलं होतं, "आमी दोघीच. पाव्हणं न्हाई, रावळं न्हाई."

हे उत्तर अर्धंच खरं होतं. सिरसाळ्याला तिची आई सिंधुबाई एकटी राहत होती. वनिताला ना भाऊ ना बहीण. म्हातारीला दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसायचं. चुलीवर एकदा हात भाजून घेतला, एकदा हापशापाशी पडली. आठवण आली की सकाळच्या एसटीनं हरभऱ्याची भाजी घेऊन यायची आणि चारच्या गाडीनं परत जायची. एकदाच, थंडीच्या दिवसांत, रात्री राहिली. सकाळी मालकीण दारात येऊन म्हणाली, "म्हातारी अजून हायच का?" सिंधुबाई तोंडसुद्धा न धुता स्टँडवर गेली. ते वाक्य वनिताच्या काळजातून कधी निघालं नाही. आईला आपल्याजवळ आणायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं, आणि तेवढंच जमत नव्हतं.

मग नगरपालिकेनं जुन्या कोंडवाड्याच्या जागेवर भाड्याची घरं बांधायला काढली. जागा पालिकेची, निम्मा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकातून, उरलेला बांधणाऱ्या ठेकेदाराचा, आणि अट अशी की भाडं पालिका ठरवील, तेही कष्टकरी माणसाला परवडेल असं. गावात थट्टा झालीच. आधी तिथं मोकाट जनावरं कोंडायचे, आता मोकाट माणसं. वनिता हसली आणि अर्जही घेऊन आली. दिपालीनं तो वाचून दाखवला. 'कुटुंबातील एकूण व्यक्ती' या रकान्यापाशी पेन थांबलं.

"मम्मी, आजीचं नाव घालू?"

"खुळी का काय? दोन लिही. जास्ती माणसं बघितली की देत नसतेत."

दहा वर्षांची सवय, ती का एका अर्जानं जाते? दिपालीनं दोन लिहिलं. सोडतीत नंबर लागला, वनितानं खानावळीत सगळ्यांना पेढे वाटले. किल्ली देण्याआधी कुणीतरी राहत्या जागी येऊन पाहणी करणार, एवढंच बाकी होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात सिंधुबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दर दोन तासांनी थेंब घालायचे होते, तिला सिरसाळ्याला पाठवणं शक्यच नव्हतं. वनितानं मालकिणीच्या हातापाया पडून चार दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात मोटारसायकल थांबली. पालिकेतले कारकून बद्रीनाथ आले होते. चष्मा कपाळावर, तोंडात बडीशेप, काखेत फाईल. कागद सोडून कशावर विश्वास न ठेवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती.

दहा बाय दहाच्या खोलीत म्हातारी लपवणार कुठं? सिंधुबाई आपण होऊन उठली आणि काळा चष्मा सावरत बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

"घरात कोण कोण?" बद्रीनाथांनी विचारलं.

"आमी दोघीच, साहेब."

"आणि ह्या बाई?"

वनितानं ओट्याकडं पाहिलं. ओट्यावरून सिंधुबाईच बोलली, "मी व्हय? मी सिरसाळ्याची. हिची माजी नुसती वळख हाय. संध्याकाळच्या यष्टीनं जाते मी."

नुसती ओळख. नऊ महिने पोटात वागवलं, नवरा गेल्यावर तीच धावत आली, आणि आज लेकीला खोली मिळावी म्हणून ती लेकीला ओळखीची म्हणत होती. वनिताला वाटलं, नको ते घर, नको ती किल्ली.

बद्रीनाथांची नजर फळीवरच्या दवाखान्याच्या कागदावर गेली होती. कपाळावरचा चष्मा नाकावर उतरला. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "रुग्ण, सिंधुबाई. सोबत, वनिता ओव्हाळ. नातं, मुलगी."

अर्जाच्या तळाशी 'खोटी माहिती आढळल्यास अर्ज रद्द' असं छापलेलं होतं, ते वनिताला पाठ होतं. ती खालीच बसली. "साहेब, चूक झाली. पण माय कुटं जाईल? तिला दिसत न्हाई. माजं घर काढून घेऊ नका."

"अहो बाई," बद्रीनाथ चिडूनच म्हणाले, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? घरमालकाला माणसं नको असतात. आम्हाला हवी असतात. दोन माणसांना एक खोली, तिघांना खोली अन् स्वयंपाकघर. पण ज्याचं नाव कागदावर, त्यालाच राहता येतं. नाव नाही लिहिलं तर म्हातारीला दाराबाहेर तुम्हीच उभं केलं, आम्ही नाही."

त्यांनी दिपालीला वहीचा कोरा कागद काढायला लावला. "लिही. आईचं नाव राहून गेलं—"

"राहून न्हाई गेलं साहेब," वनिता म्हणाली. "मी भ्यालते."

बद्रीनाथांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. "मग तसंच लिहा. भीतीनं लिहिलं नाही म्हणून. खरा कागद माझ्याच्यानं पुढं नेववतो."

आठ दिवस वनिताला भाकर गोड लागली नाही. नवव्या दिवशी निरोप आला. घरं वाटणाऱ्या समितीनं अर्ज मान्य केला होता आणि स्वयंपाकघर असलेलं घर दिलं होतं. ती डबाभर पुरणपोळ्या घेऊन कचेरीत गेली. बद्रीनाथांनी डबा घेतला नाही, नियमात बसत नाही म्हणाले. पुढच्या माणसाला हाक मारता मारता मात्र त्यांनी विचारलं, "आईचा डोळा कसाय?" वनिता जिना उतरेपर्यंत रडत होती, आणि असं सुखाचं रडू तिला लग्नातही आलं नव्हतं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आता आईच अडून बसली. ऑपरेशननंतर ती सिरसाळ्याला परतली होती. वनिता आणि दिपाली तिला आणायला गेल्या तर म्हणाली, "लेकीच्या घरी राहत नसतेत वने. गेलते चार दिवस डोळ्यासाठी, तेवढं बास. लोक शेण घालतील तोंडात."

वनितानं विनवण्या केल्या, रागावली, पण काही चालेना. तेव्हा दिपालीनं पिशवीतून पालिकेचा करारनामा काढला आणि आजीसमोर बसून वाचला. भाडेकरू कुटुंबातील व्यक्ती. एक, वनिता. दोन, दिपाली. तीन, सिंधुबाई.

"घर कुणाच्या नावावर हाय पण?" सिंधुबाईनं विचारलं.

"कुणाच्याच न्हाई आजी. पालिकेचं हाय. आपण तिघी भाडेकरू."

म्हातारीनं कागद हातात घेतला, ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ नेला. वाचता येत नव्हतं तिला. तरी तिसरी ओळ कुठली ते तिनं दिपालीला दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं घराला कुलूप लावलं.

नव्या घरात येऊन आठवडा झाला असेल. वनिता आत पोळ्या लाटत होती. सिंधुबाई दारात बसून शेंगा फोडत होती. वरच्या मजल्यावरची रोहिणी जिना चढताना थांबली आणि सहज म्हणाली, "काय आजी, लेकीकडं राहायला आलात का?"

आत वनिताचं लाटणं थांबलं.

"लेकीकडं का म्हून?" सिंधुबाई म्हणाली. "आमी तिघी हितं भाड्यानं राहतो. उभी कशाला, ये आत. माज्या घरी आलीस अन् च्या न घेता जातीस व्हय?"

वनितानं पदरानं डोळे पुसले आणि चार कप पाणी चहाला ठेवलं.