आत्याची तिसरी झडप

माझ्या आत्याला बस डेपोत सगळे ठिणगी म्हणायचे. एकतर ती वेल्डर होती, आणि दुसरं म्हणजे कोणी वाकड्यात शिरलं तर त्याला सरळ करूनच सोडायची. निवृत्त झाल्यावर तिनं विमान बांधायला घेतलं. दोन माणसांचं, छोटंसं, नकाशे समोर पसरून, एकेक पत्रा स्वतः कापून. त्यासाठी विमान चालवायलाही शिकली. नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं. ती म्हणाली, "वेडी तर वेडी. तुम्हाला बसायला बोलावलंय का?" तिनं बोलावलं होतं ते फक्त मोठ्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना.

बाबा बस चालवायचे. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या बसच्या इंजिनानं पेट घेतला. इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या भिंतीत हीटरची गरम हवा येण्यासाठी एक भोक होतं, त्यावर अॅल्युमिनियमची झडप. ती वितळली आणि ज्वाळा आत आल्या. बस कडेला थांबेपर्यंत बाबांनी स्टिअरिंग सोडलं नाही. चाळीस माणसं धडधाकट उतरली, बाबांचे दोन्ही हात भाजले.

ती झडप आत्यानं बसवली होती. पोलादी झडप शिल्लक नव्हती. डेपोचे साहेब म्हणाले, "हीच लाव, चालतंय." ही बाई जन्मात एकदाच निमूट गप्प बसली, आणि ती नेमकी तेव्हा.

भाजलेल्या कातडीला गारठा सोसत नाही. थंडीत बाबांच्या शर्टाची बटणं आई लावते, आणि ते कुणाशी हात मिळवत नाहीत, खिशातच ठेवतात. वर आकाशात तर उन्हाळ्यातही गारठाच. तेव्हा विमानात हीटर हवाच होता. इंजिनाचा धूर बाहेर सोडणारी नळी तापते. तिच्याभोवती पत्र्याचं वेष्टण घालायचं, त्यातून ताजी हवा खेळवायची आणि ती भिंतीतल्या झडपेतून आत घ्यायची. म्हणजे पुन्हा तीच भिंत, तेच भोक, तीच झडप.

"हीटर राहू दे गं," बाबा म्हणाले. "मी हातमोज्यांचे दोन जोड घालीन."

"घाल की. हीटर पण असणार."

विमान उभं होतं ते धावपट्टीलगतच्या कॅप्टनच्या शेडमध्ये. कॅप्टन म्हणजे निवृत्त वैमानिक, हौशी विमानवाल्यांचे सर्वेसर्वा. त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असा तिथला रिवाज. एका सकाळी सगळ्यांसमोर त्यांनी आत्याच्या हातात एक डबी ठेवली. आत अॅल्युमिनियमची झडप, आरशासारखी चकचकीत.

"माझ्याकडून भेट," ते म्हणाले. "वजनाला हलकी. इथले सगळे हीच लावतात, बाई."

आत्यानं ती पकडीत धरली आणि दुसऱ्या हातानं गॅसची शेगडी पेटवावी तितक्या सहज बर्नर पेटवला. थोड्याच वेळात झडपेची कड लुळी पडली आणि एक चमकता थेंब फरशीवर पडला. आणि शेड तर त्यांचीच होती.

"विमान काय रोज पेटतं?" कॅप्टन लालबुंद झाले. "दिलेली भेट जाळता? उद्यापासून दुसरी जागा बघा!"

"उद्या कशाला? आत्ताच निघते."

पंख उतरवून, ट्रेलरवर चढवून आम्ही तिघांनी विमान हलवलं. डेपोतली रंगकामाची जुनी शेड रिकामी होती, तिथे नेलं. आत्यानं आठ दिवस खपून स्टेनलेस स्टीलची झडप घडवली. आता हिला कोण नावं ठेवणार, असं मला वाटलं. पण तिनं हिच्यावरही बर्नर धरला. झडप वितळली नाही, लाल झाली. गार झाल्यावर आत्यानं मागून बॅटरी लावून पाहिलं. तापानं ती जराशी वाकली होती, आणि चौकटीच्या एका कोपऱ्यातून केसाएवढा उजेड येत होता.

"नापास," ती म्हणाली.

"अगं, एवढ्याशा फटीनं काय होतंय? चालतंय!" मी बोलून गेले.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "हा शब्द माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही," ती म्हणाली. मग स्टुलावर बसलेल्या बाबांकडे वळली. "दादा, ती बसमधली झडप मी लावली होती."

"ठाऊक आहे गं. हुकूम साहेबांचा होता."

"हात माझे होते."

बाबांनी खिशातून हात काढला आणि जाड पत्र्याचा तुकडा तिच्याकडे सरकवला. तिसरी झडप त्यातून झाली. पाव तास बर्नर सोसून ती गार झाली, तेव्हा तिच्यामागून उजेडाचा कणही आला नाही. विमानखात्याच्या तपासनिसानं ती दोनदा उघडझाप करून पाहिली आणि सही केली.

विमान पुन्हा ट्रेलरवरून धावपट्टीवर नेलं. नव्या विमानाचे सुरुवातीचे ठरावीक तास नियमाप्रमाणे आत्यानं एकटीनं उडवून पुरे केले. मग एका कडाक्याच्या सकाळी तिनं बाबांना शेजारी बसवलं. धावपट्टी सर्वांची होती, कॅप्टनची नव्हती. ते आपल्या शेडच्या दारात, दोन्ही हात काखेत खुपसून बघत उभे होते. विमान ठिपक्याएवढं होईपर्यंत मी मान वर करून बघत राहिले, आणि ते परत येईपर्यंत मला रडू आवरलं नाही.

बाबा उतरले. हातमोजे घालून चढलेला माणूस उघड्या हातांनी उतरला. मोज्यांचे दोन्ही जोड खिशातून डोकावत होते. माझ्याकडे न येता ते तरातरा शेडच्या दाराशी गेले आणि त्यांनी आपला सुरकुतलेला, भाजलेला हात कॅप्टनपुढे धरला.

"धरा, साहेब. बघा गरम आहे की नाही."

कॅप्टननी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, पण हात धरावाच लागला. त्यांनी तो बराच वेळ सोडला नाही.

आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. इंजिनाचं झाकण उघडून, वाकून, ती झडप तपासत होती.