आक्काचे कमी पडलेले पाच टक्के

"हा स्किझोफ्रेनिया आहे," परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. माझी माय त्यांच्या टेबलासमोर पदर तोंडाला लावून बसली होती. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण शालिनी, खिडकीशी उभी राहून बाहेरच्या माणसांकडे संशयाने बघत होती. मी दाराजवळ होते.

डॉक्टरांनी सोप्या शब्दांत समजावलं. हा मेंदूचा आजार आहे. कुणी बोलत नसताना बोलणं ऐकू येतं, कुणी वाईटावर नसताना सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटतं, आणि माणसाला ते अगदी खरं वाटतं. गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील, कदाचित जन्मभर. मायने एकच विचारलं, "लय अभ्यास केला म्हणून झालं का हो?" डॉक्टर म्हणाले, नाही, अभ्यासाने होत नाही आणि करणीनेही होत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा आजार असेल, म्हणून मी हे लिहायला बसले आहे. तेव्हा खरं तेच लिहिते. आजाराचं नाव ऐकल्यावर मला सगळ्यात आधी दुःख झालं नाही. आधी मनात आलं, आता ही माझ्या पुढे राहिली नाही. पुढच्याच क्षणी मला माझी शिसारी आली. पण आधी आलं ते हेच.

आक्का शाळेत कायम पहिली. मी काठावर पास. पाहुणे आले की माय आक्काला हाक मारायची, पाणी मात्र मला आणायला लावायची. आक्काने डी.एड. केलं, पाथरीजवळच्या एका खासगी शाळेत लागली. मी दहावीत नापास झाले आणि माझं लग्न मानवतला झालं. माझा नवरा कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्याला असतो, मी घरी ब्लाऊज शिवते. सासरी कुणी विचारलं की मी सांगायची, माझी बहीण मास्तरीण हाय. सांगताना अभिमान वाटायचा आणि पोटात दुखायचंही.

त्याच शाळेत आजार सुरू झाला. वर्गातली मुलं वहीत आपल्याबद्दल लिहून हेडमास्तरांना देतात, असं तिला वाटू लागलं. ती वह्या हिसकावून घ्यायची. मग शिकवणं थांबलं. तास संपेपर्यंत ती खडू धरून नुसती उभी राहायची. शाळेने महिनाभर वाट पाहिली आणि घरी निरोप धाडला.

गोळ्यांनी आवाज कमी झाले. मला वाटलं, झालं, बरी झाली. पण या आजाराचा दुसरा भाग असतो, तो मला उशिरा कळला. डॉक्टर त्याला नेगेटिव्ह सिम्प्टम्स म्हणतात. म्हणजे नसलेलं दिसणं नव्हे, तर असलेलं निघून जाणं. उत्साह जातो, सुरुवात करायचं बळही जातं. आक्का अंघोळीला जायची आणि कोरडीच बाहेर यायची. दाराबाहेर उभं राहून आधी माय सांगायची, पुढे मी: आता तांब्या घे, आता साबण लाव, आता अंगावर पाणी घे. ताट वाढलं तर जेवायची. नाही वाढलं तर दिवसभर उपाशी राहायची, पण मागायची नाही.

माय गेल्यावर मी तिला मानवतला माझ्याकडे आणलं.

आमच्या शेजारी शोभा राहते. तिच्या मालकाचा, म्हणजे नवऱ्याचा, उजवा हात कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये कोपरापर्यंत गेला. फार वाईट झालं. सगळी गल्ली दवाखान्यात गेली, मीही गेले, डबाही दिला. पण नंतर जे बघितलं ते मला सहन झालं नाही. पाहुण्यांची रीघ लागली. जो तो विचारायचा, काय लागतं का. अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढायला तो परभणीला गेला, डॉक्टरांनी हात बघितला आणि काम झालं. एसटीला सवलत मिळाली, निराधारचा पगार सुरू झाला. आमच्याकडे निराधार योजनेच्या पैशांना पगारच म्हणतात.

माझ्या दारात इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, काय लागतं का म्हणून. विचारायचे ते एवढंच, "कुठं दाखवलं का हिला? जागृत ठिकाण हाय बघा एक." शोभाच्या घरातून पाहुण्यांचा आवाज आला की माझी मशीन चालायची नाही. शिलाई वाकडी जायची. एका हात गेलेल्या माणसाचा मी हेवा करत होते, आणि मला ते कळतही होतं.

मानसिक आजारालाही सर्टिफिकेट मिळतं, हे मला शोभाकडूनच समजलं. तिने ते परभणीला रांगेत ऐकलं होतं. सांगायला ती आपणहून आली होती. मी तिला धड बसही म्हटलं नाही.

इंटरनेटच्या दुकानातून अर्ज भरला. आधार, फोटो मिळाले. आजाराचे जुने कागद मागितले तेव्हा मी मायची पेटी उपसली. आक्काचा दहावीचा मार्कमेमो, बारावीचा, डी.एड.चा, सगळे प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेले. आजाराची एकही चिठ्ठी नव्हती. आक्काला एक स्थळ आलं होतं तेव्हा मायने त्या सगळ्या चुलीत घातल्या होत्या. माझे मार्कमेमो पेटीत नव्हतेच. तेवढ्या घाईतही माझं लक्ष तिकडे गेलं.

तारीख मिळाली. त्या दिवशी मी आक्काला न्हाऊ घातलं, तेल लावून वेणी घातली, माझी इस्त्रीची साडी नेसवली. परभणीच्या सरकारी दवाखान्यात जायचं होतं, चार लोकांत बरं दिसावं म्हणून. बाकावर आमच्या शेजारी कुबडीवाला होता, एक आंधळी म्हातारी होती. त्यांना बघताच लोक जागा देत होते. आक्काकडे बघून एकाने मला विचारलं, "पेशंट कोण हाय?"

आत डॉक्टरांनी आक्काला नाव, गाव, वार विचारला. तिने बरोबर सांगितलं. शंभरातून सात वजा करत जायला लावलं, तर मला न येणारी वजाबाकी तिने सरळ म्हणून दाखवली. मग मला विचारलं. स्वतः अंघोळ करते का? मी म्हटलं, करते. जेवते? जेवते. घरात मदत? मी म्हटलं, करती की थोडीफार.

खोटं का बोलले? तिच्यासमोर कसं सांगायचं, हे एक कारण. आणि मास्तरीण बहिणीची लाज मला त्या खोलीत राखायची होती, हे दुसरं.

सर्टिफिकेट आलं पस्तीस टक्के. निराधारला चाळीस लागतात.

तो कागद घेऊन मी घरी आले तेव्हा शोभा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, काय झालं. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "तुमचं बरं झालं. तुमच्या मालकाचा हात गेला तो सगळ्यांला दिसला तरी."

शोभाने सूप बाजूला ठेवलं, घरात गेली आणि दार लावून घेतलं. ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही.

गोळ्यांसाठी पुन्हा गेलो तेव्हा आक्काला नेहमी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी सर्टिफिकेट दाखवलं आणि तक्रार केली. त्यांनी माझी उत्तरं काय होती ते आधी विचारून घेतलं. मग एक फॉर्म दाखवला. आयडियाज म्हणतात त्याला, मानसिक आजाराचं अपंगत्व मोजायची ती पट्टी. त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. शिवाय आजार किती वर्षांचा आहे ते. वजाबाकी येते का, यावर गुण ठरत नाहीत.

त्या म्हणाल्या, "ती अंघोळ करते हे तुम्ही सांगितलंत. बाहेर उभं राहून तुम्ही ती करवून घेता, हे सांगितलं नाहीत. सर्टिफिकेट देणारं बोर्ड तुमच्या घरी येऊन बघणार नाही. चांगल्या दिवसाचं नाही, रोजच्या दिवसाचं सांगायचं." ज्यांना हे पुढे करायचं आहे त्यांनी एवढं एक वाक्य लक्षात ठेवा. फुगवून सांगू नका आणि झाकूनही ठेवू नका.

त्यांनीच जुन्या रजिस्टरमधून पहिल्या तपासणीची नोंद शोधून नक्कल दिली. त्यावर मी फेरतपासणीचा अर्ज केला.

मग मी शोभाकडे गेले. माफी मागायला गेले होते, पण सुरुवात तिच्याकडूनच झाली. ती म्हणाली, "त्या दिवशी तू बोललीस ते मी मालकाला सांगितलं न्हाई. त्येंला अजून त्या हाताची बोटं दुखायलीत, नसलेली. कुणाला सांगावं?" थोड्या वेळाने तिनेच चहा टाकला. निघताना म्हणाली, "मालकाचा हात दिसतो म्हणून लोक विचारतात. तुझ्या बहिणीचं दिसत न्हाई, तर तू तोंड उघड."

दुसऱ्या वेळी मी आक्काला रोजच्याच साडीत नेलं. मुद्दाम गबाळं केलं नाही. फक्त त्या दिवशी आवरायला मदत केली नाही. वेणी अर्धी सुटलेली होती.

बोर्डासमोर मी सगळं सांगितलं. तांब्या, साबण, एक एक. उपाशी बसणं. पाळीच्या दिवसांत मलाच बघावं लागतं ते. गॅस चालू करून ती विसरली होती ते. आक्का शेजारच्या खुर्चीत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, लहानपणापासून जे मनात होतं ते मी आज चारचौघांत करते आहे, हिला खाली बसवते आहे.

डॉक्टरांनी मग आक्कालाच विचारलं, तुम्हाला काय अवघड जातं?

मला वाटलं ती बोलणार नाही. मग म्हणाली, "मला हिचा हेवा वाटतो."

डॉक्टरांनी विचारलं, का?

"हिला सकाळी उठल्यावर कळतं, आता काय करायचं. ही कापड घेती, कापती, शिवती. एका मागं एक. मला तांब्या दिसतो. साबण दिसतो. पण आधी काय, ते सापडत न्हाई. मी हिच्या मशीनकडं बघत बसते दिवसभर."

मी समजत होते ती भिंतीकडे बघते.

बाहेर आल्यावर मी बाकावर रडले. आक्का शेजारी बसून राहिली. तिने माझ्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही, हा आजार तसा नाही. पण उठूनही गेली नाही.

या वेळी साठ टक्के आले. तहसीलमध्ये उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पुन्हा फोटो, समितीच्या बैठकीची वाट. दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा मंजूर झालं. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत, आणि शोभाचे त्यांच्याहून जास्त. एसटीच्या सवलतीचं कार्ड घेऊन आता आम्ही गोळ्यांना जातो. आजार गेलेला नाही. मी अजून न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहते.

पहिला पगार खात्यात आला तेव्हा आक्काला विचारलं, तुला काय घ्यायचं. उत्तर चार दिवसांनी आलं, "बांगड्या."

बाजारात कासाराच्या दुकानात बसलो. तिने बराच वेळ लावला. मी मध्ये बोलले नाही. तिने गर्द निळ्या निवडल्या, काठाला बारीक चमक असलेल्या. माझी नजर आल्या आल्या ज्यांच्यावर गेली होती त्याच. एकच डझन शिल्लक होता. मी दुसऱ्या हिरव्या भरायला बसले, तर दोन फुटल्या. कासारीण म्हणाली, "थोरल्या बाईंचा हात लय मऊ हाय, सरसर जायलेत. तुमचा काम करून ताठ झालाय."

आक्काने हात वर करून बांगड्या उजेडात बघितल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला न्हाई मिळाल्या."

मला हेवा वाटला. अगदी लहानपणी वाटायचा तसा, चांगला कडकडीत. कितीतरी वर्षांत तिच्याकडे हेवा करावा असं काही नव्हतं. मी हिरव्याच भरून घेतल्या आणि घरी येईपर्यंत तिच्या मनगटाकडे बघत राहिले.