जात पडताळणी लग्नाला लागत नाही

निरवांगीची ती मुलगी घरातून निघून गेली, तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. पोलिसाला निवृत्तीनंतर खून आणि दरोडे आठवत असतील, असा लोकांचा समज असतो. ते मीही पाहिले. पण कोणी विचारले की मला आधी ही साधी मिसिंग आठवते. ठाण्याच्या रजिस्टरमध्ये तिला चार ओळींची जागा मिळाली होती.

माझ्याकडे तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा चार्ज होता आणि नोकरीची शेवटची दोन वर्षे उरली होती. सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसतो न बसतो तोच दोन जीपगाड्या आवारात शिरल्या. पंधरा-वीस माणसे उतरली. पुढे मुलीचा चुलता, गावात वजन असलेला गृहस्थ, सगळे त्याला तात्या म्हणत होते. मुलीचा बाप सगळ्यांच्या मागे, टोपी हातात घेऊन उभा. आजोबांपर्यंत यांच्या घरात मेंढरे होती, आता उसाची शेती होती. बोलण्याचे काम चुलत्याचे आणि मान हलवण्याचे बापाचे, हे दोन मिनिटांत माझ्या लक्षात आले.

तक्रार अशी होती की बारावी झालेली पुतणी पहाटेपासून घरात नाही. आठ दिवसांवर तिचे लग्न आले होते. तात्यांनी पाहुण्यांना शब्द दिला होता आणि तो शब्द आता हवेत लटकत होता. मुलगी पळाली असे न म्हणता ते 'पळवून नेली' असेच म्हणत होते. वय विचारले तर म्हणाले, सतरा.

यात मेख आहे. अठराच्या आतली असेल तर थेट अपहरणाचा गुन्हा दाखल होतो आणि मुलगी सापडली की पालकांकडे जाते. अठरा पूर्ण असतील तर फक्त मिसिंगची नोंद. लोकांना कायदा माहीत नसतो असे म्हणतात, ते खरे नाही. आपल्याला हवा तेवढा कायदा प्रत्येकाला पाठ असतो.

मी शाळा सोडल्याचा दाखला मागितला. तात्या म्हणाले, तो तीच घेऊन गेली.

हे ऐकून माझ्या अंमलदारांनी एकमेकांकडे पाहिले. आमच्या खात्यात हा ठरलेला हिशेब होता. मुलगी गेली आणि दाखलाही गेला, म्हणजे प्रेमविवाह. नोंदणी करायला वयाचा पुरावा लागतो. पळून जाणारी पोर एक वेळ चपला विसरेल, दाखला विसरणार नाही. मीही त्याच वेळी मनातल्या मनात प्रकरण मिटवून टाकले होते. आता फक्त मुलगा शोधायचा बाकी होता.

एका शिपायाला जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठवून जनरल रजिस्टरचा उतारा मागवला. मुलीला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. मास्तरांनी तेव्हा तारीख चुकीची लावली असेल, असे तात्या म्हणाले. मी मिसिंग दाखल केली आणि अपहरणाचा विषय संपवला.

दुपारी बाराच्या सुमारास निमगाव केतकीहून फोन आला. तिथल्या बाजारात भाजी विकणारा माझा जुना माहितगार होता. त्याने सांगितले, की सकाळी एक मुलगी झेरॉक्सच्या बंद दुकानापुढे उभी होती. दुकानदार आला, त्याने शटर उघडून तिच्या हातात एक फाइल दिली आणि तिला बारामतीच्या एसटीत बसवून दिले. मुलीकडे स्वतःचा मोबाइल नव्हता, ती आईचा वापरायची. तो मागवून पाहिला, तर त्याच दुकानदाराला केलेले कॉलच कॉल.

दुकानदाराला आणला. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान, वय तिशीचे, घरी बायको आणि लहान मूल. माझ्या डोक्यात चित्र आणखी पक्के झाले. कुठे ठेवलीस तिला? लग्न कुठल्या गावात? तुझ्या बायकोला माहीत आहे का? मी हात उचलला नाही, पण तोंड सोडले, हे कबूल करतो. दोन तास तो एकच वाक्य घोकत होता, की फोन फॉर्मसाठी यायचे. मुलगी कुठे आहे असे विचारले की मान खाली. शेवटी म्हणाला, "साहेब, मी तिला शब्द दिलाय. मारायचं तर मारा." बाहेर तात्यांची माणसे त्याला आमच्या ताब्यात द्या म्हणून ओरडत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी पूर्ण झाली होती, आणि ती मीच केली होती.

तेवढ्यात आमच्या महिला हवालदार निरवांगीहून परत आल्या. त्यांना मुलीच्या आईचा जबाब घ्यायला पाठवले होते. घरात चुलत्याकडच्या बायका ठाण मांडून बसल्या होत्या, म्हणून या बाईंनी धार काढायच्या निमित्ताने आईला गोठ्यात गाठले आणि ट्रंकेतून काय काय गेले ते विचारून घेतले. दागिना एकही गेला नव्हता. त्यांनी खिशातली डायरी माझ्यापुढे धरली. दाखला, बारावीचे गुणपत्रक, डोमिसाइल, नॉन क्रीमीलेयर, जात पडताळणी प्रमाणपत्र आणि पासपोर्ट फोटो आठ.

मी म्हणालो, मग? दाखला गेलाच आहे की.

त्या म्हणाल्या, "साहेब, जात पडताळणी लग्नाला कुठं लागती?"

तीस वर्षांची माझी नोकरी त्या एका प्रश्नात उघडी पडली. त्या बाईंनी स्वतःच्या मुलीच्या प्रवेशासाठी त्याच कागदांमागे सहा महिने खेटे घातले होते, म्हणून त्यांना दिसले. कावीळ झालेल्याला सगळे पिवळे दिसते, तसे आम्हाला प्रत्येक मुलीच्या मागे मुलगा दिसत होता.

मी खोली रिकामी केली, दुकानदाराला चहा दिला आणि विचारले, "कुठल्या कॉलेजला नंबर लागलाय?"

तो माणूस ढसाढसा रडला. मग सगळे सांगितले. मुलीला बीएस्सी नर्सिंगला जायचे होते. गेल्या वर्षीही तिने सीईटी दिली होती आणि यादीत नाव आले होते. तात्यांनी तिचे सगळे कागद स्वतःच्या कपाटात ठेवले, प्रवेशाची मुदत जाऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी सगळे नीट परत दिले. लोकांची घाण काढायला आमच्या घरातली पोर जाणार नाही, असे वर ऐकवले. त्या वेळी ती सतरा वर्षांची होती. तिने वर्षभर तोंडातून ब्र काढला नाही. खुरपायला जाताना जीवशास्त्राचे पुस्तक भाकरीच्या फडक्यात बांधून न्यायची. दुकानदार तिला जुन्या प्रश्नपत्रिका काढून द्यायचा, त्या ती गोठ्यात बसून सोडवायची. गुणपत्रकातली चूक दुरुस्त करायची आहे असे घरी सांगून ती बाहेर पडली आणि तिने पुन्हा सीईटी दिली. आईच्या फोनवर मेसेज आला तर चुलत भाऊ वाचणार, म्हणून अर्जावर दुकानदाराचा नंबर टाकला होता. ओटीपी आला का, यादी लागली का, हे विचारायला ते फोन होते, आणि सकाळी दिलेल्या फाइलमध्ये अर्जाच्या प्रती होत्या. प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत बारामतीच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. हजर व्हायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

तात्यांना मी एवढेच सांगितले, की तपास चालू आहे. दुकानदाराला जीपने घरी पोचवला आणि त्याच्या बायकोसमोर त्याची माफी मागितली. खात्यात अशी पद्धत नाही. मी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला हवालदारांना घेऊन बारामती गाठली. कॉलेजात चौकशी केली आणि मुलगी सरकारी दवाखान्यात सापडली. प्रवेशाला वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला लागतो, त्याच्या रांगेत प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरून उभी होती. वर्दी पाहून पळेल म्हणून हवालदार दाराशी थांबल्या होत्या. ती जागची हलली नाही. मी बाजूला ये म्हणालो, तर म्हणाली, "साहेब, पाच मिनटं थांबा. म्होरं चारच माणसं हायेत. रांग सोडली तर नंबर जातोय."

ठाण्याचा प्रभारी अधिकारी, म्हणजे मी, तिथे वीस मिनिटे भिंतीला टेकून उभा राहिलो. दाखला हातात पडल्यावर ती स्वतःहून आली. रात्री कुठे होतीस विचारले, तर वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी, तिच्या आईजवळ. मी जबाब लिहायला घेतला आणि घरची माणसे काळजीत आहेत, तू हरवल्याची नोंद झाली आहे, असे सांगितले.

"मी हरवली न्हाय, साहेब. मी कुठं हाय ते मला ठावं हाय. तुमाला न्हवतं, एवढंच." मग म्हणाली, "गेल्या सालाला मी रडत बसली. औंदा न्हाय. तुमी उचलून नेलं तर परत येईन. पण पाचच्या आत येईन."

तिचे शब्द मी जसेच्या तसे उतरवून घेतले. जबाबाच्या भाषेत असे लिहीत नाहीत, तरी लिहिले.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. तात्यांनी वरचे दार ठोठावले होते. मुलगी घरी पोचवा, कॉलेजचे नंतर बघू, असे एक वजनदार आवाज सांगत होता. मुलगी सज्ञान आहे आणि तिचा जबाब झाला आहे, असे मी कळवले. पलीकडून विचारणा झाली, "तुमची दोनच वर्षं राहिली ना?"

मी म्हणालो, "हो. दोनच."

कॉलेजात कागद तपासले गेले, सगळे बरोबर निघाले. मग कारकुनाने एक कोरा नमुना पुढे सरकवला. पालकांचे हमीपत्र, पालकांनी समक्ष येऊन सही करायची. नियम होता, त्याचा काही दोष नव्हता. मुलीला हे माहीत नव्हते. तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा उतरला. आईला घराबाहेर सोडणार नाहीत आणि आबा, म्हणजे तिचे वडील, तात्यांच्या शब्दाबाहेर नाहीत, असे ती हळू आवाजात म्हणाली. घड्याळात साडेबारा वाजले होते.

मिसिंग बंद करायची तर तक्रारदाराचा जबाब लागतो. बोलले तात्या असले, तरी कागदावर तक्रारदार होता बाप. मी ठाण्यात फोन करून त्याला बोलावून घ्यायला सांगितले, हवालदारांना मुलीजवळ बसवले आणि जीप परत फिरवली.

बाप आला तो अर्थातच तात्यांबरोबर. तात्या खुर्ची ओढून बसायला लागले. मी म्हणालो, जबाब एकट्याचा असतो, आपण बाहेर बसा. त्यांनी मला फोनवरच्या त्या वजनदार आवाजाची आठवण करून दिली. मी दाराची कडी लावून घेतली.

बापाला मी उपदेश केला नाही. मुलीचा जबाब वाचून दाखवला, एवढेच. खुरपणीचे पुस्तक, गोठ्यातल्या प्रश्नपत्रिका, गेल्या वर्षीचे कपाट. तो मांडीवरच्या टोपीकडे बघत होता. 'पाचच्या आत येईन' हे वाक्य आले, तसे त्याने वर पाहिले. कायद्याने तुमच्यावर कोणतीही जबरदस्ती नाही, सही केली नाही तरी पोलीस काही करू शकत नाहीत, हेही मी सांगितले. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि तो उठला. मला वाटले, गेले सगळे.

मग त्याने विचारले, "साहेब, हितनं बारामतीला किती वेळ लागतोय?"

मी दार उघडले. तात्या उभेच होते, काय झालं म्हणून त्यांनी विचारले. बाप त्यांच्यासमोर थांबला. थोरल्या भावाच्या डोळ्याला डोळा त्याने कधी दिला असेल असे मला वाटत नाही.

"तात्या, मी पोरीकडं चाललोय," तो म्हणाला. "पावण्यांला शब्द तुमी दिलाय. तुमीच सांगा त्यांला."

तात्यांच्या जीपमध्ये बसायचा प्रश्न नव्हता आणि एसटीला वेळ नव्हता. मी त्याला सरकारी जीपमध्ये घेतले. आम्ही पोचलो तेव्हा मुदतीला पाऊण तास होता. मुलगी बाकावरून उठली, पण जवळ आली नाही. बाप सरळ कारकुनाच्या टेबलाशी गेला. त्याने पेन अवघडून धरलेले पाहून कारकुनाने चांगुलपणाने शाईचा डबा पुढे केला आणि अंगठा चालेल म्हणाला.

बाप म्हणाला, "अंगठा न्हाय. चौथी शिकलोय मी. पोरीचं काम हाय, सही करणार."

एकेक अक्षर कोरत त्याने पूर्ण नाव लिहिले. मागे दोन मुलांचे पालक खोळंबले होते. कोणी घाई केली नाही. कारकुनाने शिक्का मारला, तेव्हा मुलगी बापाच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. इतकी खंबीर पोर, पण रडली. माझेही डोळे भरून आले आणि ते लपवायला मी बाहेर जाऊन जीपचे टायर तपासत बसलो.

आज ती मुलगी परिचारिका आहे. पेशंटची घाण काढते आणि त्याचा तिला अभिमान आहे, असे तिनेच मला सांगितले. मी या प्रकरणातून शिकलो ते एवढेच, की मुलगी घरातून गेली की आम्ही 'कोणाबरोबर' हा पहिला प्रश्न विचारायचो आणि तिथेच अर्धा तपास बिघडवून ठेवायचो. ती कशासाठी गेली, हे विचारायला मला एका हवालदार बाईंनी शिकवले. निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक मिसिंगमध्ये तो प्रश्न आधी विचारला.

तात्या गप्प बसले नाहीत. सरकारी वाहन खासगी कामासाठी हद्दीबाहेर नेले, अशी तक्रार वर गेली आणि मला खुलासा मागितला गेला. मी दोन ओळी लिहिल्या. बेपत्ता व्यक्ती ज्या कामासाठी गेली होती, ते काम मुदतीत पूर्ण झाल्याची समक्ष खात्री केली. तपास पूर्ण. तो खुलासा अमान्य झाला आणि माझ्या सेवापुस्तकात सक्त ताकीद चढली. निवृत्तीच्या वेळी एका सहकाऱ्याने सुचवले, अर्ज करा, ती नोंद निघून जाईल, एवढ्या स्वच्छ नोकरीला तेवढाच डाग. मी अर्ज केला नाही. माझ्या सेवापुस्तकातली बक्षिसांची पाने कोणी फाडली तरी चालतील, ती नोंद मात्र तशीच राहू दे.