दारातून न निघालेलं काउंटर

आमच्या बाजाराच्या कोपऱ्यावर तीन कमानींची जुनी दगडी इमारत आहे. तिच्यातलं वीस फुटी सागवानी काउंटर आमच्या शेजारच्या सुतारकाकांनी केलं, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. तिथं कापडाचं दुकान होतं. काकांनी उत्साहाच्या भरात फळ्या आत नेऊन तिथंच सांधल्या, आणि सांधे असे घट्ट बसवले की उकलायला गेलं तर लाकूडच फुटावं. अख्खं काउंटर त्या अरुंद दारातून कधीच बाहेर येणार नाही, हे पॉलिश वाळल्यावर त्यांच्या ध्यानात आलं!

"तेव्हाच मला कुणी सांगितलं असतं, तर स्थळ नाकारलं असतं," काकू अजून म्हणतात.

कापडवाले गेले, बँक आली. काकांनी काउंटरवर जाळी बसवली. बँक गेली, टायपिंगचा क्लास आला. जाळी निघाली आणि त्याच फळीवर आठ मशिनं खडखडू लागली. मग बेकरी. दर वेळी नवा भाडेकरू कपाळाला हात लावायचा आणि काकांना बोलावणं जायचं. काका मात्र खुशीत. जुनी भोकं बुजवताना ते लाकडाशी चक्क गप्पा मारत.

गेल्या वर्षी बेकरी बंद झाली. पाठीची, मानेची दुखणी व्यायामानं बरी करणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी जागा घेतली. त्यांना मोकळी खोली हवी होती.

"काका, तुकडे करूनच काढावं लागेल हो."

"कापायचंच तर मीच कापतो. परक्याचा हात नको," काका म्हणाले, आणि घरी येऊन चार दिवस करवतीला नुसती धार लावत बसले.

"आता तिची सुई होईल," काकू म्हणाल्या. "जा एकदाचे."

पाचव्या दिवशी मी सोबत गेलो. काकांनी खाली वाकून काउंटरच्या पायाला करवत लावली, दोनदा ओढली आणि कमरेत अशी उसण भरली की उठवेना, बसवेना. बाईंचं सामान अजून यायचं होतं. खोलीत साधी खुर्ची नव्हती. मी आणि बाईंनी काकांना उचलून काउंटरवरच पालथं घातलं.

बाई कंबर दाबू लागल्या. जरा वेळानं थबकल्या.

"याची उंची कुणी ठरवली?"

"मीच. कापड मोजणाऱ्याला वाकायला लागू नये म्हणून."

"मलाही वाकावं लागत नाहीये." बाई दुसऱ्या टोकापर्यंत फळी ठोकत गेल्या. "तीन पेशंट आरामात झोपतील. मध्ये पडदे लावले की झालं."

"कडा गोल करून देतो!" काका मान उचलून म्हणाले.

"आधी हलू नका!"

दहा दिवसांची सक्तीची विश्रांती काकांनी सहा दिवसांत उरकली. आता कंबर कुणाचीही दुखो, ते आधी काउंटरची चौकशी करतात. आणि काकू भेटेल त्याला सांगतात, "कापायला म्हणून गेले, आणि तीन गाद्यांचे अभ्रे शिवायचं माझ्या गळ्यात घालून आले!"

अभ्रे मात्र त्यांनी झालर लावून शिवलेत.