बहिणीची थंड खोली

चीनशी लढाई झाली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं पत्र आलं. तिच्या सासरी, यवतमाळला, एअर कंडिशनर आला होता. भिंत फोडून ट्रंकेएवढी मशीन बसवली म्हणे, आणि ती भर मे महिन्यात दुलई घेऊन झोपत होती. 'दुलई' हा शब्द मी दोनदा वाचला.

आम्ही राजूरला राहत होतो. यजमान कोळशाच्या खाणीत हजेरी लिहायचे. राहायला टिनाच्या छपराची एक खोली. दिवस मावळून कितीतरी वेळ झाला तरी आत पाय ठेववत नसे. अंगणात बाजा टाकायच्या, ओल्या चादरी पांघरायच्या. त्या घटकाभरात वाळायच्या आणि सकाळी कोळशाच्या धुळीनं काळ्या झालेल्या असायच्या. तीन वर्षांची मुलगी घामोळ्यांनी किरकिरायची. तिला वारा घालता घालता हाताला मुंग्या यायच्या, पण डोळा लागायचा नाही.

बहिणीचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. पण तिला त्या लोकांनी पाहिलं ते माझ्याच लग्नात. मी अंतरपाटामागे मान खाली घालून उभी होते आणि ती मांडवात पन्हं वाटत फिरत होती. त्यातून तिला कापसाच्या जिनिंगवाल्यांचं घर मिळालं. पाच वर्षं झाली तरी ते मांडवातलं पन्हं माझ्या मनातून गेलं नव्हतं.

लग्नानंतर चार वर्षांनी तिला दिवस राहिले होते. त्याच उन्हाळ्यात पाचवा महिना लागला तशी मुलीला घेऊन मी ओटी भरायला यवतमाळला गेले. आई नव्हती, म्हणून ते माझंच काम.

रात्री तिनं हाताला धरून मला त्या खोलीत नेलं. "ताई, आज तू अन् पोरगी इथंच निजा माह्याजवळ. पाह्य तर खरं!"

मशीन घरघरायला लागली तसा दिवा मिणमिणला. थोड्या वेळानं मुलगी खाजवायची थांबली. पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. अंग हलकं होतं, डोळ्यांची आग नव्हती. आणि पहिला विचार आला तो हा, की हिला हे रोज मिळतं.

त्या सकाळी तिच्या सासूबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. मी सोऱ्या धरायला बसले. काही ठरवून बसले नव्हते. तोंडातून निघून गेलं, "मावशी, आमच्या खाणीच्या दवाखान्यातली नर्सबाई सांगे, गरवार बाईनं मशीनच्या हवेत निजू नाही. पोटातल्या लेकराच्या अंगात गारठा बसते म्हणे."

नर्सबाई असलं काही बोलली नव्हती.

सासूबाईंचा हात थांबला. "व्हय का वं बाई? बरं झालं सांगतलं."

संध्याकाळी बहिणीची गादी माजघरात आली. "काहून पण?" ती सासूला विचारत होती. मी मुलीच्या झबल्यांच्या घड्या घालत बसले. दुसऱ्या दिवशी एसटीत बसले तेव्हा मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी ती राजूरला दारात उभी. तिचा दीर सोडायला आला होता. चेहरा सुकलेला, डोळ्यांखाली काळं. "माजघरात जीव घाबरते, ताई. झोपच नाही. इथं अंगणात हवा तरी लागन."

आणि ती त्या अंगणात, त्या धुळीत, माझ्या शेजारच्या बाजेवर पडल्या पडल्या झोपली. मी जागी राहून तिच्या पोटाकडं बघत होते, आणि मला तिच्या त्या झोपेचाही हेवा वाटला. तेव्हा मात्र मला माझीच भीती वाटली.

सकाळी आम्ही दोघी चादरी झटकत होतो. मी म्हटलं, "ते नर्सबाईचं मीच मनानं सांगतलं."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "सासूबाईनं त्याच दिवशी तुहं नाव सांगतलं. खरं असतं तं तू मलेच आधी सांगतलं असतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू कधी बोलतं, ते पाहून राह्यली होती." तिनं चादरीचं टोक सोडून दिलं आणि आत गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीच तिला घेऊन यवतमाळला गेले आणि सासूबाईंपुढं सगळं कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. "तुम्ही खोटं बोलल्या असान, बाई," त्या म्हणाल्या, "पण माह्या मनात आता भेव बसलं. चार वर्षांनी पाळणा हलणार हाय. मी नाही निजू देत तिले तिथं."

बाळंत होईपर्यंत ती माजघरातच झोपली. भादव्यात मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. बारशाला तिनं मला लुगडं घेतलं, गोड बोलली, पुढंही बोलत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा तिनं माझं अंथरूण माजघरात घातलं आणि बाळाला घेऊन आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. भिंतीपलीकडं मशीन चालू होती, मी उताणी पडून ती ऐकत होते, आणि एवढं सगळं होऊनही मला ती खोली हवीच होती.