चोपणातला लसूण

शहराच्या टोकाला, बेसाच्या पुढे, नव्या इमारती संपून शेतं सुरू होतात तिथे माझ्या थोरल्या ताईचं दीड एकर होतं. भाऊजी गेल्यावर तीच ते करायची. मुलगा पुण्याला नोकरीत. जमीन चोपण, खारवट. पावसात चिखल पाय सोडायचा नाही, उन्हाळ्यात भेगेत अख्खा हात जायचा. संक्रांतीनंतर विहिरीला जेमतेम तासभर पाणी. अशा जमिनीत लसूण लावायची कल्पना माझी.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मातीचे अहवाल लिहिले, एखादा तुकडा आपल्या हातानं सुधारून पाहावा अशी फार इच्छा होती. राबायचं मात्र ताईनं, मी फक्त रविवारी जायचो.

पावसाच्या तोंडावर आम्ही जिप्सम मिसळलं. पावसानं खार धुऊन जावा म्हणून तिनं एकटीनं चर खणले. मग हिरवळीचं खत म्हणून ताग पेरून तो फुलायच्या आत मातीत गाडला, कुजलेलं शेणखत घातलं. पहिल्या वर्षी लसणाचे गड्डे सुपारीएवढे निघाले. ते ओंजळीत घेऊन ती म्हणाली, "हे सोलाले माणूस ठेवा लागंल गा." आणि पदर तोंडाला लावून हसली. दुसऱ्या वर्षी थोडे बरे आले. ओल टिकावी म्हणून तिसऱ्या वर्षी वाफ्यांवर सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, पसरलं. त्या हिवाळ्यात माती मुठीत घेतली तर भुसभुशीत लागायची. मी येडा झालो होतो. दर रविवारी फोटो काढायचो, ऑफिसात दाखवायचो.

त्याच पौषात, पाणी लावता लावता ती बांधावर बसली.

"घास उतरत नाही बरोबर. छातीत अडकल्यावानी होते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"झाले दोन महिने. धंतोलीत डॉक्टरले दाखवू का एकदा?"

मी वाफ्याकडे पाहत होतो. गड्डे भरायला लागले होते. पाणी चुकलं असतं तर तीन वर्षं वाया. मी म्हटलं, "अ‍ॅसिडिटी असंल, ताई. लसूण निघाला की जाऊ."

"बरं," ती म्हणाली आणि उठली. पुन्हा तिनं विषय काढला नाही. मीही काढला नाही.

फाल्गुनात लसूण निघाला. मुठीएवढे गड्डे, पाकळ्या टपोऱ्या. दुसऱ्याच दिवशी आम्ही धंतोलीत गेलो. तोवर ती फक्त पेज पीत होती. अन्ननलिकेत गाठ होती. तपासण्या झाल्यावर डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." किती आधी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

केमो सुरू झाल्यावर एकदा तिला बरं वाटावं म्हणून मी लसणाची एक जुडी पिशवीत घालून नेली. पिशवी उघडली मात्र, तिला उमासा आला. नर्स धावली. डोळे मिटूनच ती म्हणाली, "ने गा ते. मले वास सहन होत नाही." मी जिना उतरून फाटकाजवळच्या कचराकुंडीत जुडी टाकली. वर जाईपर्यंत हाताला वास येत होता. बेसिनवर साबण लावून लावून हात धुतले, तेव्हा कुठे तिच्याजवळ बसलो.

जेठात ती गेली. तेराव्यानंतर भाच्यानं जमीन प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्याला दिली. जायच्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला.

"मामा, आईनं तुम्हाला कधीच सांगितलं नाही का, दुखते म्हणून? तुम्ही तर दर रविवारी जायचे."

"नाही," मी म्हणालो. "सांगितलं असतं तर लगेच नेलं नसतं का?"

त्यानं मान हलवली. "तशीच होती ती. कोणाले तरास नको म्हणायची."

मी त्याला स्टेशनवर सोडून आलो. त्यानं वाकून नमस्कार केला, आणि मी तो करू दिला.