एक कप मोकळा

मे महिन्यात डोंबिवलीत स्वेटर घालून दार उघडणारा माणूस मी एकच पाहिला. मी त्याच्या एसीच्या सर्व्हिसिंगला गेलेलो. म्हातारा एकटाच राहायचा, आणि एसी त्याच्यासाठी नव्हताच. काचेच्या टाकीत त्याने जपानी सॅलॅमँडर पाळले होते. दिसायला पालीसारखे, पण बेडकाच्या भाऊबंदांतले. त्यांना पाणी गारच लागतं.

मादी पाण्यातल्या पानात एकेक अंडं गुंडाळून ठेवते. तो ती पानं लगेच बाहेर काढायचा, नाहीतर मोठे सॅलॅमँडरच ती खाऊन टाकतात. पिल्लंही एकमेकांचे पाय तोडतात, म्हणून ओट्यावर चहाच्या कपांची रांग होती. एका कपात एक पिल्लू. बोलताबोलता तो धक्का लागू नये म्हणून प्रत्येक कपाचा कान भिंतीकडे वळवत होता.

काम झाल्यावर त्याने मला कपात चहा दिला आणि स्वतः वाटीतून प्यायला.

"तुम्हाला कप नाही, काका?"

"सगळे भरलेत. एक तेवढा मोकळा ठेवतो. कोणी आलंच तर."

चहा संपल्यावर मी कप विसळायला उलटा केला. बुडाला दुकानाचं लेबल अजून जसंच्या तसं चिकटलेलं होतं, एकदाही न भिजलेलं.